देव कोणत्या गोणीत?

मराठीत अंगठा दाखवणे म्हणजे नकार. मोबाइलमध्ये तो होकार असतो, हे मला उशिरा कळलं. 'रविवारी सकाळी सातला मुठेची स्वच्छता' या सोसायटीच्या मेसेजखाली मी अंगठा दाखवला आणि शनिवारी रात्री सौ.ने माझी रंगकामाची जुनी पँट काढून ठेवली.

जमलो भिडे पुलापाशी. खडकवासल्यातून पाणी सोडलं की हा पूल बुडतो आणि एरवी बादलीचा हिशेब न येणारे पुणेकर क्युसेकमध्ये बोलू लागतात. त्या रविवारी मात्र पूल कोरडा, आम्ही ओले. मला दोन हातमोजे मिळाले, दोन्ही डाव्या हाताचे. शिवाय एक घमेलं आणि तीन गोण्या : निर्माल्याची, प्लॅस्टिकची आणि 'इतर'.

जलपर्णी लांबून लॉनसारखी दिसते. मूळची दक्षिण अमेरिकेची. पण एक रोप ओढलं की अख्खी भावकी मागून येते, त्या अर्थी आता पक्की इथलीच. तिच्याखाली गाळात कापडाचं टोक दिसलं. ओढलं. येतच राहिलं. चौघे लागलो. काठावरून एक आजोबा म्हणाले, "नऊवारी आहे, दम धरा."

आजोबा काम करायला आले नव्हते, पूर सांगायला आले होते. 12 जुलै 1961, पानशेत फुटलं, पाणी कुठवर आलं ते काठीने दाखवायचे. दर वेळी काठी थोडी वर. पोह्यांची वेळ होईपर्यंत पाणी झाडाच्या शेंड्याला लागलं होतं.

आणि मग माझ्या घमेल्यात दत्त आले. चौकटीसह. काच फुटलेली, तिन्ही मुखांवर गाळ.

"ताई, हे कशात?"

कॉलेजातली ती पोरगी आमची मुकादम होती. यादी बघून म्हणाली, "काका, काच वेगळी, लाकूड वेगळं, कागद वेगळा."

"आणि देव?"

यादीत देव नव्हता. तिने हळूच पेन खाली ठेवलं.

मग लक्ष्मी निघाली, दोन गणपती निघाले, सत्यनारायण निघाला. एकदा सोडलेल्या देवाला दुसऱ्यांदा गोणीत टाकायची कुणाची छाती होईना. शेवटी काठावरच्या बागेत पिंपळाखाली ओळीने मांडले. आजोबांनी सगळ्यांची तोंडं पूर्वेला करून घेतली. मी ओल्या फडक्याने पुसत होतो, तेवढ्यात पळायला आलेला एक तरुण थांबला, बूट काढले, नमस्कार केला आणि मला विचारलं, "गुरुजी, आरती किती वाजता?" माळीबुवांनी उदबत्ती लावली. कुणीतरी दहाचं नाणं ठेवलं. 'पुजाऱ्यांचा फोटो' म्हणून माझाच फोटो ग्रुपवर गेला.

कचऱ्याची गाडी आली. चालकाने सगळ्या गोण्या उचलल्या, पिंपळाकडे बघितलं, कानाला हात लावला आणि गेअर टाकला.

आठ दिवसांनी भाजी आणताना मुद्दाम तिकडून आलो. आम्ही अकरा देव मांडले होते, आता सोळा होते. पाच नवे, कोरडे, थेट घरून आलेले. शेजारी दोन फुटके देव्हारे, आणि निर्माल्याच्या तीन प्लॅस्टिकच्या पिशव्या, व्यवस्थित गाठ मारलेल्या.

संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आला : 'येत्या रविवारी पिंपळाखालची स्वच्छता.' या वेळी मी शहाणा झालो होतो. अंगठा नाही, कोपरापासून हात जोडले.

सौ.ने पँट काढून ठेवली.