‘टॉयलेटचं पाणी’ या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. धाकट्या बहिणीच्या साखरपुड्यात नवरदेवाला द्यायला तुम्ही आमच्या मेन रोडच्या दुकानातून सेंटची बाटली नेलीत. तिथे कुणीतरी खोक्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचली, मोबाईलनं भाषांतर ‘शौचालयाचे पाणी’ असं दाखवलं आणि चार माणसांत तुमची मान खाली गेली. दुसऱ्या दिवशी विचारायला आलात तर काउंटरवरचा मुलगा हसला. वर वास दुपारपर्यंतही टिकला नाही. एकच तारा दिलात, तो मला मान्य आहे.

आधी हसण्याबद्दल. ती चूक माझी आहे आणि मी मनापासून माफी मागतो. त्या मुलाला मी किमती शिकवल्या, वास ओळखायला शिकवले. खोक्यावर काय लिहिलंय ते कधी समजावलं नाही. मोगलाईत ज्या नाशिकला गुलशनाबाद म्हणत तिथे आपण सुगंध विकतो आणि त्याचं नाव गिऱ्हाइकाला सांगता येत नाही, ही गोष्ट मला लागली.

खोक्यावरचे ते शब्द फ्रेंच आहेत, उच्चार साधारण ‘ओ द त्वालेत’. ‘ओ’ म्हणजे पाणी. ‘त्वाल’ म्हणजे कापड, आणि ‘त्वालेत’ म्हणजे छोटं कापड. केस विंचरताना, पावडर लावताना खांद्यावर किंवा शृंगाराच्या मेजावर पसरायचं ते. पुढे त्या कापडावरून मेजाला तेच नाव पडलं, मग मेजावर बसून नटण्याला. म्हणजे हे साजशृंगाराच्या वेळी अंगाला लावायचं सुगंधी पाणी. इंग्रजीतही ‘टॉयलेट’ म्हणजे आधी नटणंथटणंच होतं. संडासाचा अर्थ त्याला 19व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत चिकटला. बाटलीवरचं नाव जुन्या अर्थानं तसंच राहिलं.

आपल्याकडे ‘शौच’ शब्दाचं हेच झालंय. पतंजलींच्या योगसूत्रांत पाच नियमांतला पहिला नियम शौच आहे आणि तिथे त्याचा अर्थ शुद्धता. आज तो शब्द कुणी जेवताना उच्चारणार नाही. ‘परसाकडे’ तसंच, परसातल्या मोगऱ्याला मात्र कुणी नाक मुरडत नाही. उलटही घडतं. ‘गुलाब’ हा मुळात फारसी शब्द, गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. गुलाबपाण्याचं नाव आपण फुलालाच देऊन टाकलं.

वास न टिकण्याची तक्रार वेगळी आहे आणि तिथे दोष पूर्ण आमचा. या प्रकारात सुगंधी अर्क साधारण 5 ते 15 टक्के असतो, बाकी बहुतेक अल्कोहोल आणि थोडं पाणी. ‘कोलोन’ त्याहून हलकं. तेही पाणीच, जर्मनीतल्या कोलोन शहराचं. 18व्या शतकाच्या सुरुवातीला फारिना नावाच्या इटालियन माणसानं तिथे बनवलेलं. अशी हलकी सेंटं आंघोळीनंतर ताजंतवानं वाटावं म्हणून असतात. एप्रिलच्या उन्हात, मांडवात, गर्दीत ती दोन-तीन तासांत उडणारच. दिवसभराच्या कार्याला नेताय हे आम्ही विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर मी ‘पार्फ्यूम’ लिहिलेली बाटली दिली असती, त्यात अर्क जास्त असतो. नाहीतर सरळ कनौजचं अत्तर. ते तांब्याच्या देगेत फुलं उकळून चंदनाच्या तेलात उतरवतात, त्यात अल्कोहोल नसतं. कानात छोटा फाया ठेवला की संध्याकाळपर्यंत दरवळतं. खरं सांगायचं तर साखरपुड्याला मला तेच जास्त शोभतं असं वाटतं.

बाटली फोडलेली असली तरी घेऊन या. पैसे परत हवे असतील तर ते देतो, नाहीतर त्याच किमतीत अत्तर निवडा, मी स्वतः फाये करून दाखवीन. आणि ज्यांच्यासमोर तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं त्यांना हे उत्तर जरूर वाचून दाखवा. तुम्ही दिलेली भेट चांगलीच होती.

सोमवारी दुकान बंद असतं, बाकी रोज रात्री नऊपर्यंत मी गल्ल्यावरच असतो.