जुना नियम पुसला जात नाही, दाबला जातो

‘नवा नियम २१ दिवस पाळा, मेंदूतली जुनी वायरिंग पुसली जाते. मध्ये एकदा चुकलात तर मोजणी पुन्हा शून्यापासून.’ हा संदेश सगळीकडे फिरतोय.

आधी २१ दिवसांचं बघू. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना ‘किमान’ २१ दिवस लागतात, असं प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांनी १९६० मध्ये लिहिलं. त्यातलं ‘किमान’ वाटेत गळालं. पुढे लंडनमध्ये ९६ जणांवर, नवी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात हे मोजलं, तेव्हा मध्यक (मधला आकडा) निघाला ६६ दिवस आणि पल्ला १८ ते २५४. (निरीक्षण ८४ दिवसांचंच होतं; २५४ हा आलेख पुढे वाढवून काढलेला अंदाज.) एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही, म्हणजे ‘शून्यापासून’ही गेलं.

मुळात सवय वेगळी, नियम वेगळा. नियम बदलला की माणूस किती लवकर वळतो, हे तपासणाऱ्या विस्कॉन्सिन पत्ते चाचणीत समोर चार पत्ते असतात : एक लाल त्रिकोण, दोन हिरव्या चांदण्या, तीन पिवळे क्रॉस, चार निळी वर्तुळं. हातातला पत्ता कशाखाली लावायचा, रंगाने, आकाराने की संख्येने, हे सांगत नाहीत. फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’. सलग दहा बरोबर आले की नियम गुपचूप बदलतो. निरोगी माणूस दोन-चार चुकांत सावरतो. दिवस कसले मोजताय!

त्या चुका वायाही जात नाहीत. अपेक्षित ‘बरोबर’ आलं नाही की मेंदूतल्या डोपामिन (बक्षिसाचा इशारा देणारं रसायन) पेशींचे संदेश क्षणभर मंदावतात, ललाटखंडाच्या (कपाळामागच्या मेंदूच्या) आतल्या बाजूचा, चुका टिपणारा सिंग्युलेट भाग जागा होतो. चूकच झाली नाही, तर नियम बदलल्याचं कळणार कशावरून? मेंदू-मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी १९६३ मध्ये ललाटखंडाचा वरचा-बाहेरचा भाग शस्त्रक्रियेत काढलेले रुग्ण याच चाचणीने तपासले. ‘चूक’ ऐकूनही ते जुन्याच नियमाने पत्ते लावत राहिले.

राहिलं ‘पुसणं’. इशाऱ्यामागून अन्न येतं हे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोव्हच्या कुत्र्यांना शिकवलेलं होतं, त्यामुळे नुसत्या इशाऱ्यानेच लाळ सुटे. नंतर इशारा देऊन अन्न दिलं नाही, की ती हळूहळू थांबे. मध्ये विश्रांती गेली की तोच इशारा मिळताच ती परत येई, नव्याने काहीही न शिकवता. जुनं शिक्षण शाबूत होतं, त्यावर दाब होता इतकंच. हा दाब जागेशीही बांधलेला असतो; जागा बदलली की तो सैल पडू शकतो. म्हणून नवा नियम एकाच खोलीत, एकाच वेळी घोकू नका; जागा, वेळ, क्रम बदलून सराव करा आणि काही दिवसांची सुट्टी घेऊन पुन्हा तपासा. जुनी चूक डोकं वर काढते ती बहुधा त्या सुट्टीनंतरच.