‘युक्त्यांनी इंग्रजी ऐकू येत नाही’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इंग्रजीच्या परीक्षांतल्या लिसनिंगवरच्या, म्हणजे ध्वनिफीत ऐकून उत्तरं लिहायच्या विभागावरच्या, माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप तीन आहेत. लिसनिंगच्या युक्त्या शिकवणं म्हणजे भाषा न येता गुण मिळतील असं आमिष दाखवणं. ‘प्रश्नातले कीवर्ड (महत्त्वाचे शब्द) अधोरेखित करा आणि तेच ऐका’ हा माझा सल्ला पाळून आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या सरावात लिसनिंगच्या तिसऱ्या भागातली तुमची दहापैकी सहा उत्तरं चुकली. आणि ‘एकही उत्तर कोरं सोडू नका’ हे मी सरसकट लिहिलं.

शेवटच्या दोन मुद्द्यांवर तुमचं बरोबर आहे. पहिला मला पटत नाही.

कोऱ्या उत्तरांचं आधी सांगते. आयईएलटीएसमध्ये चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, त्यामुळे तिथे ४० च्या ४० जागा भरायच्याच. पण पीटीई या इंग्रजीच्याच दुसऱ्या परीक्षेत जिथे एकाहून अधिक पर्याय निवडायचे असतात किंवा उताऱ्यातले चुकीचे शब्द ओळखायचे असतात, तिथे प्रत्येक चुकीची निवड त्या प्रश्नात मिळवलेले गुण खाते. परीक्षेचं नाव न घेता मी ते वाक्य लिहायला नको होतं. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

आता कीवर्ड. इथे मी अर्धंच सांगितलं, आणि त्याचा फटका तुम्हाला बसला याचं मला खरोखर वाईट वाटतं. पहिल्या भागात नावं, तारखा, आकडे थेट कानावर येतात, म्हणून तिथे हा सल्ला बराचसा चालून जातो. तरी तिथेही बोलणारा ‘ट्यूजडे’ म्हणतो आणि पुढच्याच श्वासात ‘ओह नो, थर्स्डे’ म्हणून शब्द फिरवतो. तिसऱ्या भागाची जातच वेगळी. समजा दोन विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक एका प्रकल्पाबद्दल बोलत आहेत आणि प्रश्न आहे, माहिती कशी गोळा करायचं ठरलं? पर्याय तीन: मुलाखती, प्रश्नावली, निरीक्षण. एक जण ‘इंटरव्ह्यूज’ सुचवतो. दुसरी म्हणते, ‘वी कुड, बट इट वुड टेक एजेस.’ मग ‘क्वेश्चनेअर’चा विषय निघतो, तर शिक्षक सांगतात की मागच्या वेळी फार थोड्या लोकांनी त्या भरून दिल्या. शेवटी कोणीतरी म्हणतं, ‘सो वी जस्ट वॉच व्हॉट पीपल डू?’ आणि बाकीचे होकार देतात. उत्तर निरीक्षण, पण ‘ऑब्झर्वेशन’ हा शब्द कोणी उच्चारलाच नाही. जे दोन शब्द ऐकू आले ते दोन्ही चुकीचे पर्याय होते. कीवर्डची वाट बघणारा माणूस पहिल्याच ‘इंटरव्ह्यूज’वर खूण करून पुढे निघून जातो.

म्हणून तिसऱ्या भागात शब्दांपेक्षा होकार-नकार ऐकायचे असतात. ‘फेअर इनफ’ म्हणजे मान्य. ‘आयम नॉट शुअर अबाउट दॅट’ हा बहुतेक वेळा सभ्य शब्दांतला नकारच. प्रश्न वाचायला मिळणाऱ्या त्या थोड्या सेकंदांत अधोरेखनापेक्षा एक काम करा: प्रत्येक पर्याय दुसऱ्या शब्दांत कसा बोलला जाईल, हे मनात म्हणून बघा.

पण यावरून ‘इंग्रजी येत असेल तर युक्त्या कशाला’ असं तुम्ही म्हणता, ते मला मान्य नाही. चौथ्या भागात एकच माणूस सलग व्याख्यान देतो, मध्ये विराम नाही, ध्वनिफीत एकदाच वाजते, आणि त्याच वेळी वाचायचं, ऐकायचं, लिहायचं. अस्खलित इंग्रजी बोलणारी माणसंही एक उत्तर निसटलं की त्याच्याच मागे लागतात आणि पुढची दोन घालवतात. गेलेलं सोडून पुढच्या प्रश्नावर येणं ही सवय सरावाने लावावी लागते. तीच गोष्ट शब्दमर्यादेची: दोन शब्द मागितलेले असताना तीन लिहिले, तर अचूक ऐकलेलं उत्तरही चूक. टोफेल या आणखी एका इंग्रजी परीक्षेत तर प्रश्न दिसतात तेच व्याख्यान संपल्यावर. तिथे ‘आधी प्रश्न वाचा’ हा सल्लाच निकामी, टिपणं काढता यायला हवीत. परीक्षेची रचना बदलली की तयारी बदलते, आणि ती रचना समजावून सांगणं म्हणजे आमिष दाखवणं नव्हे.

तुमच्या पहिल्या मुद्द्यातली एक गोष्ट मात्र मला पूर्ण पटते: कानाला काम दिल्याशिवाय काही होत नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी इंग्रजी डोळ्यांनी शिकलेलं असतं. कागदावर ओळखीचा असलेला शब्द बोलण्यात अनोळखी होतो. ‘नेक्स्ट डे’ कानावर ‘नेक्स डे’ येतो, ‘शुड हॅव’चं ‘शुडव’ होतं, ‘थर्टी’ आणि ‘थर्टीन’ यांतला फरक बऱ्याचदा नुसत्या आघातावरून ओळखावा लागतो. यावर मला सर्वांत उपयोगी वाटलेला उपाय जुनाच आहे: श्रुतलेखन. ध्वनिफितीचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा घ्या, थांबवत थांबवत ऐकू येईल तसा उतरवा, मग संहितेशी, म्हणजे ध्वनिफितीच्या छापील मजकुराशी, ताडून बघा. जे शब्द माहीत असूनही ऐकू आले नाहीत, त्यांच्याखाली रेघ मारा आणि तोच तुकडा पुन्हा ऐका. रोज एक पूर्ण परीक्षा सोडवून, गुण मोजून वही मिटणारे विद्यार्थी मी बघते तेव्हा जीव तुटतो. आयईएलटीएसमध्ये सहा बँडला (बँड म्हणजे निकालातली श्रेणी) ४० पैकी साधारण २३ उत्तरं बरोबर लागतात, सातला साधारण ३०. मधली सात उत्तरं का चुकतात हे त्यांनी कधी उघडून पाहिलेलंच नसतं.

तुमची ती सहा उत्तरं संहितेसमोर ठेवा. प्रत्येकापुढे लिहा: शब्द कानाला कळलाच नाही, कळला पण बोलण्याचा रोख निसटला, की सगळं कळूनही लिहिताना चूक झाली. पहिल्या प्रकारची जास्त निघाली तर माझा तो लेख सध्या बाजूला ठेवा आणि महिनाभर श्रुतलेखन करा. दुसऱ्या प्रकारची निघाली, तर त्यातला एखादा प्रश्न तुमच्या शब्दांत इथे लिहा. आपण तो संवाद ओळीओळीने तपासू, आणि तिसऱ्या भागावरचा मजकूर मी त्यावरून नव्याने लिहीन.