घरजावयासारखा सांधा

"यंदा गणपतीला विकतचा चौरंग नको, मी घरी करतो," असं मी ज्येष्ठात जाहीर केलं, तेव्हा बायको नुसतं "बरं" म्हणाली. बावीस वर्षांच्या संसारात त्या "बरं"चा अर्थ मला कळायला लागलाय, पण तोवर सागाच्या पट्ट्या घरी येऊन पडल्या होत्या.

खिळा एकही ठोकायचा नाही, हा माझा हट्ट. पायाला चौकोनी खाच आणि पट्टीच्या टोकाला तिच्यात बसणारी जीभ. जिभेची जाडी पट्टीच्या एक तृतीयांश. पट्टी 24 मिलिमीटरची, म्हणजे जीभ 8 ची. पाचवीतलं गणित.

पहिली जीभ खाचेच्या तोंडाशीच अडली. पटाशीने नखभर सोलली. जाईना. अजून नखभर. जाईना. मग पटाशी नुसती दाखवली म्हणा ना, तर जीभ आत गेली आणि आपण होऊन बाहेरही आली. न जाणं आणि खुळखुळणं यांच्या मध्ये "बसणं" अशी एक अवस्था असते म्हणतात. ती बहुतेक मी चहाला उठलो की येऊन जात असावी.

शेवटी गल्लीतल्या सुतारमामांना बोलावलं. त्यांनी सांधा दोन बोटांनी हलवला. "साहेब, सांधा घरजावयासारखा पाहिजे. एकदा आत शिरला की हलायचं नाव नाही."

"फटीत फेव्हिकॉल ओतू?"

"तो काय फटी बुजवायला असतो? लाकडाला लाकूड भिडलं तरच धरतो." मग त्यांच्या वडिलांच्या सरसाची गोष्ट निघाली. कातडी-हाडांचा सरस चुलीवर वितळवायचा, वास गल्लीभर. 1959 साली फेव्हिकॉल आलं तेव्हा सुतारांपेक्षा शेजारीच जास्त सुखावले असणार.

मामांच्या सांगण्यावरून ढिल्या जिभांना सागाचे पातळ पापुद्रे चिकटवून त्या पुन्हा जाड केल्या, घासल्या. शिकंजे नव्हते, म्हणून चौकटीला सुतळी गुंडाळून, तिच्यात लाटणं घालून पीळ दिला. त्या रात्री पोळ्यांऐवजी भात झाला.

सकाळी सुतळी सोडली. तीन पट्ट्यांच्या कडेला कापलेली कमान खाली, चौथीची वर! ती उलटीच चिकटली होती. हातोडा मारला, गरम पाण्याची फडकी लावली. पट्टी ढिम्म.

मामांनी हलवून पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "साहेब, हा बसला बघा घरजावई!"

चौरंगाची ती बाजू आता भिंतीकडे आहे. बाजूने डोकावायला जागा उरू नये म्हणून बायकोने तिथे तुळशीची कुंडी आणून ठेवली.