फिनाईलनेही जंतू मरतात की ओ, पुढं?

डॉक्टरसाहेब, नमस्कार. तुमच्या कमेंटखालीच उत्तर लिहायला घेतलं होतं पण ते लांबतच गेलं, म्हणून वेगळं टाकतोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की सोलापुरात मसाल्याच्या डंक्यांवर जो कचरा निघतो, लवंगेच्या काड्या, मिरचीचे देठ, चाळणीतला भुगा, लसणाची टरफलं, त्याचे अर्क काढून अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जंतूंवर तपासायला पाहिजेत. त्यावर तुम्ही म्हणता, 'प्लेटवर (म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवायच्या बशीत) तर फिनाईलनेही जंतू मरतात, मग पेशंटला फिनाईल पाजणार का? असलं वाचून लोक गोळ्या अर्धवट सोडतात आणि काढे पीत बसतात. आणि कचऱ्यातून औषध म्हणजे तर कहरच.'

फिनाईलचं वाक्य झकास आहे, वर्गात वापरणार. पण त्यावरून तुम्ही जो निष्कर्ष काढला तो मला पटत नाही.

प्लेटमध्ये आगर नावाची जेली असते, तिच्यावर जंतू पसरतात. तिच्यात खड्डा पाडून अर्क ओतला आणि भोवती जंतू न वाढलेला स्वच्छ गोल पडला की पोरं खूश, लगेच फोटो, लगेच पोस्टर. आता गोल मोठा म्हणजे अर्क भारी असं काही नसतं, तो आगरमध्ये किती पसरतो यावर पण ते असतं, आणि अर्क ज्यात काढला ते मिथेनॉल नुसतं ओतलेला खड्डा शेजारी ठेवला नसेल तर जंतू लवंगेनं मारले का मिथेनॉलनं हे देवालाच माहीत. विचारायचं असतं एमआयसी, म्हणजे कमीत कमी किती अर्कात वाढ थांबली. एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिन या अँटिबायोटिकला न जुमानणारा स्टॅफ (स्टॅफिलोकॉकस) जंतू, व्हँकोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकला मिलिलिटरमागे २ मायक्रोग्रॅम किंवा त्याखाली थांबला तर लॅब रिपोर्टवर सेन्सिटिव्ह लिहिते, म्हणजे औषध लागू पडेल. कच्च्या अर्कांचे आकडे बहुतेक वेळा शेकड्यात असतात, कधी हजारात. ५०० धरा. मोठ्या माणसाचं रक्त साधारण ५ लिटर, म्हणजे नुसत्या रक्तात तेवढी पातळी यायला अडीच ग्रॅम अर्क एकदम उतरायला पाहिजे, ते पण लिव्हरनं त्याला हात न लावता. काढा पिऊन सेप्सिस, म्हणजे अंगभर भिनलेला जंतुसंसर्ग, जात नाही तो यामुळं, आणि हे मी त्या पोस्टच्या शेवटाकडं स्पष्ट लिहिलंय, तिथपर्यंत तुम्ही पोचला नसावात.

पण तुम्ही गिळायचं औषध हा एकच उपयोग धरून बसलात, माझी तक्रार तेवढीच आहे. मिरी घ्या. स्टॅफमधले काही जंतू आत आलेलं सिप्रोफ्लॉक्सासिन (सिप्रो) हे अँटिबायोटिक पंपानं बाहेर फेकतात, नॉरए म्हणतात त्या पंपाला. मिरीतलं पिपरिन तो पंप अडवतं आणि मग सिप्रो कमी प्रमाणात लागतं, हे जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या लोकांनी २००६ मध्ये दाखवलं. पिपरिन स्वतः जंतू मारत नाही, ते गोळीला मदत करतं. आणि टीबीसाठी रिफाम्पिसिन या अँटिबायोटिकबरोबर पिपरिन घातलेलं औषध आपल्याच देशात २००९ पासून आलंय, तुम्हाला माहीत असेलच, फक्त तिथं हेतू वेगळा, रिफाम्पिसिन अंगात जास्त उतरावं हा. म्हणजे मसाल्यातला एक रेणू गोळीत जाऊन बसलाय, काढ्यात नाही.

दुसरं, आपल्या जिल्ह्याचं. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर, कुठंही जावा, डाळिंबावर तेल्या रोग आला की शेतकरी स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकची पुडी पंपात घालतो. स्ट्रेप्टोमायसिन, जे टीबीला वापरलं! केंद्रानं शेतीतल्या या वापरावर बंदीचा मसुदा २०२१ मध्ये काढला, पण बाग करपत असताना शेतकऱ्याच्या हातात पर्याय काय देणार? तेल्या पण जिवाणूमुळंच होतो, झँथोमोनास त्याचं नाव. लवंगेच्या काड्यांचा किंवा दालचिनीच्या भुग्याचा अर्क तिथं चालतो का, पानं जळतात का, पावसात किती टिकतो, हे बघायला रक्तातल्या पातळीची गरजच नाही. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र केगावला, कांडप गल्लोगल्ली. मला तर औषधाच्या गोळीपेक्षा यातच जास्त रस आहे, खरं सांगू का.

कचऱ्याबद्दल मात्र तुमची भीती अगदी रास्त आहे, उलट तुम्ही कमीच बोललात. ओलसर राहिलेल्या मिरचीवर ॲस्परजिलस बुरशी येते, तिचं अफ्लाटॉक्सिन हे विष नेहमीच्या भाजण्यानं पूर्ण जात नाही, आणि सॉल्व्हंट, म्हणजे अर्क काढायचं द्रावण, कामाचे घटक ओढतं तसेच कीटकनाशकाचे अंशही ओढतं, म्हणजे विष पण घट्ट होऊन येणार. त्यात देठाचं तर काय, मिरचीचा तिखटपणा देठात नसतोच, तो आतल्या पांढऱ्या गाभ्यात, मग जे देठ पोती भरभरून फुकट मिळतात त्यातून निघणार काय हा प्रश्नच आहे. लवंगेच्या काड्या वेगळ्या. कोरड्या असतात, वाफेवर त्यांचं तेल निघतं, त्यात बहुतांश युजेनॉल, जे झिंक ऑक्साइडमध्ये कालवून दाताचे डॉक्टर वर्षानुवर्षं वापरतायत. (भेसळवाले या काड्या लवंगेच्या पुडीत दळतात ते उगाच नाही, वास येतो की.) म्हणून सगळ्याला एकच 'कचरा' म्हणून चालणार नाही, एकेक पोतं वेगळं तपासायला लागेल.

गोळ्या अर्धवट सोडण्याबद्दल, लोक सोडतात ते दोन दिवसांत ताप उतरला म्हणून आणि पुढची पट्टी महाग म्हणून. माझा ब्लॉग वाचून सोडणारे एवढे असते तर मी जाहिराती लावल्या नसत्या का!

तुमच्या कमेंटखाली एका ताईंनी विचारलंय की वडिलांच्या पायाची जखम भरत नाही, शुगर आहे, लवंगेचं तेल लावू का. ताई, नका लावू. ते निखळ तेल कातडी भाजतं, आणि शुगरवाल्यांना पायाची जाणीव कमी असते म्हणून भाजलेलं कळत पण नाही. उद्याच दवाखान्यात न्या आणि पूचं कल्चर, म्हणजे पूमध्ये कोणता जंतू आहे ते बघायची तपासणी, करणार का ते विचारा.