हायपरलूप म्हणे राजकारणाने मारला

हायपरलूपचा, म्हणजे हवा काढलेल्या (व्हॅक्यूम) ट्यूबमधून माणसांचे डबे (पॉड) पळवायचे त्याचा, ‘मुंबई-पुणे २५ मिनिटांत’ वाला फॉरवर्ड परत फिरायला लागलाय. टेक्नॉलॉजी तयार होती, पैसा कंपनीचा होता, सरकार बदललं आणि प्रोजेक्ट मारला, आता तर आयआयटी मद्रासनेही करून दाखवलंय, असं त्यात आहे.

टेक्नॉलॉजी तयार? फेब्रुवारी २०१८ ला राज्य सरकारचा व्हर्जिन हायपरलूप या अमेरिकन कंपनीशी करार झाला तेव्हा त्यांच्या ट्यूबमधून एकही माणूस गेला नव्हता. पहिले दोघं गेले नोव्हेंबर २०२० मध्ये, नेवाडाच्या वाळवंटात, ५०० मीटरची सरळ ट्यूब, स्पीड ताशी १७२ किमी, आणि दोघंही कंपनीचेच. इथे मधे खंडाळ्याचा घाट आहे राव. ताशी १००० ने वळायचं आणि आडवा जोर ०.३ जी च्या (म्हणजे आपल्या वजनाच्या ३० टक्क्यांच्या) आत ठेवायचा तर वळणाची त्रिज्या जवळपास २६ किमी येते, पॉड कलता केला तर कमी होईल, तरी डोंगर पोखरत सरळच जावं लागणार.

आणि हे कुणी बघतच नाही, माणसं किती नेणार? दावा होता वर्षाला १५ कोटी प्रवासांचा. एका पॉडमध्ये २८ जण. रोज १८ तास चालवलं तरी एका दिशेला साधारण दर ९ सेकंदांना एक पॉड सोडावा लागतो. फुल स्पीडला ९ सेकंदांत पॉड अडीच किमी जातो, आणि अर्ध्या जी ने करकचून ब्रेक मारला तरी थांबायला जवळपास आठ किमी लागतात, म्हणजे पुढचा अडकला तर मागचे तीन त्याच्यावर जाणार. कंपनीचं उत्तर होतं की पॉड ताफ्याने सोडू. बरं, पण ताफ्यातला पहिलाच जागच्या जागी अडकला तर? ते ५०० मीटरच्या ट्यूबमध्ये तपासताच येत नाही.

पैसा कंपनीचा, हे तर भारीच. खर्च ७०,००० कोटी सांगितला होता. त्या कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये १११ लोक काढले, पॅसेंजर सोडून मालवाहतुकीकडे वळली आणि २०२३ संपताना बंदच झाली. तोवर अर्धे पिलर उभे राहिले असते तर ते कुणाच्या गळ्यात पडले असते?

राहिलं राजकारण. जानेवारी २०२० ला तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजितदादा म्हणाले होते की आधी परदेशात कुठेतरी दहा किमी तरी चालू दे. यात चुकीचं काय होतं तेच कळत नाही. शिवाय ते सरकार जून २०२२ ला गेलं, करार झाला तेव्हाचे मुख्यमंत्री फडणवीस परत सत्तेत आले, कंपनी अजून दीड वर्ष जिवंत होती, मग तेव्हा का नाही झालं? कारण तोवर कंपनीनेच माणसं न्यायचा नाद सोडला होता.

मद्रासच्या पोरांचं काम खरंच चांगलंय, पण तो ट्रॅक ४२२ मीटरचा आहे आणि आपला रूट ११७ किमीचा. आधी पाच-दहा किमी वळणाचा ट्रॅक होऊ दे, त्यात बंद पडलेल्या पॉडमधून माणसं बाहेर काढून दाखवू दे, मधेच व्हॅक्यूम गेला तर काय होतं तेही दाखवू दे, मग २५ मिनिटांचं बोलू.