तळाच्या मल्लाचीही नोंद हवी

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीची गदा एकाला मिळाली, मार्चमध्ये कर्जतला दुसऱ्याला. खरी गदा कोणाची, पंच चुकले की मल्ल, यावर गावाकडे अजून वाद रंगतात. टोकियोतून ते ऐकताना एक गोष्ट टोचते: हा सगळा वाद शेंड्याचा आहे. वर्षभर जत्रांच्या मैदानात लढणाऱ्या शेकडो पोरांनी किती कुस्त्या मारल्या, किती हरल्या, याचा कागद कुठे आहे?

‘जपान बघा, पैलवानांना कसं सांभाळतं’ हे वाक्य अशा वादात हमखास येतं. ते अर्धंच खरं आहे. सुमोत सहा श्रेणी. वरच्या दोन, माकुउची आणि जुर्यो, मिळून ७० जणांनाच महिन्याचा पगार. २०१९ च्या दरांनुसार जुर्योत ११ लाख येन. खालच्या चार श्रेणींना, वरून माकुशिता, सान्दानमे, जोनिदान, जोनोकुची, पगार नाही. माकुशितातल्या मल्लाला स्पर्धेमागे १ लाख ६५ हजार, तळाच्या जोनोकुचीत ७७ हजार येन भत्ता, आणि स्पर्धा वर्षातून सहा. जेवण-निवारा तालमीचा.

घेण्यासारखी आहे ती नोंद. वरचे मल्ल १५ दिवसांत १५ कुस्त्या लढतात, खालचे ७. खालच्यांनी सातांत चार जिंकल्या की काचिकोशी, क्रमवारीत बढती. चार हरल्या की माकेकोशी, घसरण. सकाळी रिकाम्या खुर्च्यांपुढे झालेल्या कुस्तीचाही निकाल, प्रतिस्पर्धी आणि ८२ मान्य डावांपैकी ती कोणत्या डावावर सुटली, हे लिहिलं जातं.

हे आकडे वाचताना नवखा माणूस विजयाच्या टक्केवारीकडे धावतो आणि फसतो. खालच्या श्रेणींत जोड लावताना सारख्या निकालाचे मल्ल समोरासमोर आणतात: दोन जिंकलेल्याला दोन जिंकलेला. शिवाय जिंकला की वर, हरला की खाली. त्यामुळे बहुतेकांची टक्केवारी पन्नाशीच्या आसपास फिरते, आणि सान्दानमेतले ५१ टक्के जोनिदानातल्या ५१ टक्क्यांपेक्षा कितीतरी जड असतात. पाहायचं ते सर्वोच्च क्रमांक, तिथे किती स्पर्धा टिकला, आणि अनुपस्थितीचा रकाना. न लढलेली कुस्ती पराभवासारखीच क्रमांक खाते, पण वेगळी लिहिली जाते; म्हणून घसरण दुखापतीची की ताकद सरल्याची, ते कळतं. ओझेकी, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या पदावर, राहिलेला मल्ल तेरुनोफुजी मार्च २०१९ मध्ये जोनिदानात ४८व्या क्रमांकावर होता. नुसता क्रमांक पाहणाऱ्याला तो संपलेला वाटला असता. मागच्या स्पर्धांचे रकाने मात्र अनुपस्थितीने भरलेले होते. २०२१ मध्ये तो योकोझुना, म्हणजे सर्वोच्च पदाचा मल्ल, झाला.

आणि हात्तोरिझाकुरा: कारकिर्दीत ३ विजय, २३८ पराभव, एका टप्प्यात सलग ८९. जोनोकुचीखाली श्रेणीच नाही, म्हणून असा हिशेब शक्य झाला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. तो माणूस एवढ्या वेळा आखाड्यात उतरला, आणि ते कागदावर आहे.

आपल्याकडे जत्रेत जोड लागते ती वजन, नाव आणि तालमीच्या लौकिकावर. नवख्या पोराला भारी जोड मिळते, खांदा निखळतो. मानधनाची मागणी करायची तर हातात गदेचा फोटो हवा; ज्याच्याकडे गदा नाही त्याने काय दाखवायचं? प्रत्येक मैदानाच्या पंचांनी एक वही ठेवली तरी सुरुवात होईल: तारीख, गाव, दोघांची नावं, वजन, लागलेला वेळ, निकाल, डाव. बरोबरीत सोडवलेल्या कुस्तीला वेगळा रकाना हवाच, कारण सुमोत ती जवळपास नसते आणि आपल्याकडे भरपूर.

सुमोची एक चूक मात्र उचलू नये. पूर्ण स्पर्धा चुकली तर तळाच्या मल्लाचं नाव क्रमवारीतूनच जातं. म्हणून गुडघा बांधून ७ पैकी एकच कुस्ती लढायला येणारे जायबंदी मल्ल इथे दिसतात. आपल्या वहीत डॉक्टरच्या दाखल्यावर दुखापतीचे महिने लिहावेत आणि तेवढे दिवस पोराची जागा तशीच ठेवावी.